एडिनबर्ग: जमिनीखालच्या गल्ल्या आणि भुतांच्या फेऱ्या. कोणती घ्यावी?

चांदवडची लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी तेरा वर्षांची लेक आणि सासूबाई अशा आम्ही तिघी धाकट्या दिरांकडे ग्लासगोला जाणार आहोत. त्यातले दोन दिवस एडिनबर्गला मुक्काम ठरलाय. तिथे जमिनीखाली गेलेल्या जुन्या गल्ल्या आणि पुलाखालची तळघरं गाईडबरोबर पायी हिंडून बघता येतात, हे लेकीने कुठेतरी पाहिलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला भुतं हवी आहेत, रात्री हवी आहेत आणि कंदिलाच्या उजेडात हवी आहेत.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्या म्हणतात, "भुताखेतांचं मला नका सांगू, पण तिथे खरोखर काय घडलं ते कोणी नीट सांगणार असेल तर मी येते." गुडघ्याचं दुखणं आहे, जिने सावकाश चढतात, आणि कोंदट जागेत फार वेळ बसवत नाही.

मेरी किंग्ज क्लोज, साउथ ब्रिजची तळघरं आणि ग्रेफ्रायर्सचं कबरस्तान अशी तीन नावं सारखी समोर येतात. दोन दिवसांत तिन्ही करावीत का? नाही तर कोणतं सोडावं? आणि यात खरा इतिहास किती आणि रंगवलेलं किती? कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

ग्लासगोतला विदर्भ

ताई, जास्त विचार नका करू, रात्रीची कबरस्तानाचीच फेरी घ्या. मी मित्रांसोबत गेलो होतो. शेवटी कुलूप लावलेला एक भाग आहे, तिथे गाईड घेऊन जातो आणि एका अंधाऱ्या दगडी खोलीत सगळ्यांना उभं करतो. मॅकेन्झी नावाच्या माणसाचं भूत तिथे लोकांना ओरबाडतं, ढकलतं असं सांगतात. आमच्यातला सगळ्यात धीट गडी बाहेर येईपर्यंत माझा दंड सोडायला तयार नव्हता. पोरगी खूष होईल. आजींना मात्र रात्री नका नेऊ, तिथे उतार आहे आणि पाऊस पडला की गवतावरून पाय सटकतो.

वाईचा घाट

ताई, मी मूळचा वाईचा, आता एडिनबर्गला असतो. जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. घरी येणारे पाहुणे पहिली मागणी याच फेऱ्यांची करतात, त्यामुळे तिन्ही ठिकाणं वेगवेगळ्या गाईडांबरोबर पुन्हा पुन्हा पाहून झाली आहेत. तुमच्या सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी गावाची ठेवण लक्षात घ्या, म्हणजे जमिनीखाली गल्ल्या आल्या कुठून ते कळेल. जुनं एडिनबर्ग एका अरुंद कण्यावर वसलंय. वर किल्ला, खाली होलीरूडचा राजवाडा आणि मध्ये उतरत जाणारा एकच मोठा रस्ता, रॉयल माइल. त्याच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यांसारख्या चिंचोळ्या गल्ल्या खाली उतरतात. त्यांना इथे क्लोज म्हणतात. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा मारला गेला, तेव्हा इंग्रज चालून येतील या धास्तीने शहराभोवती नवा तट बांधायला घेतला. पुढची दोनशे-अडीचशे वर्षं गाव त्या तटाच्या आतच राहिलं. आडवं वाढायला जागा नाही, म्हणून उभं वाढलं. उताराच्या बाजूने मोजलं तर काही घरं दहा मजल्यांच्याही वर जायची. तळाच्या मजल्यांवर ऊन पोचायचं नाही आणि वरच्या खिडक्यांतून फेकलेली घाण मात्र पोचायची. तिथे कोण राहत असेल हे सांगायला नको.

मेरी किंग्ज क्लोज ही त्यातलीच एक गल्ली. मेरी किंग ही खरी बाई. विधवा, कापडाचा व्यापार करणारी, १६४४ मध्ये वारली. बाईच्या नावाने गल्ली ओळखली जावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी प्लेग आला. तुम्ही बाहेर कुठेही ऐकाल की रोग पसरू नये म्हणून नगरपालिकेने गल्लीची दोन्ही टोकं भिंत घालून बंद केली, आतल्या माणसांना तसंच मरू दिलं आणि म्हणून तिथे भुतं आहेत. असं घडलेलं नाही. घरात आजारी असलं की खिडकीला पांढरं फडकं लावायचं, माणसांनी आतच राहायचं आणि त्यांना अन्न आणि कोळसा पोचवला जायचा. गावाने नेमलेला पहिला डॉक्टर प्लेगनेच गेला. त्याच्या जागी जॉर्ज रे आला. अंगभर चामडं, चेहऱ्यावर पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा आणि चोचीत सुगंधी वनस्पती, कारण रोग दूषित हवेतून येतो असा समज होता. गाठी फोडून तो तापलेल्या सळईने डागायचा. त्या जाड चामड्यातून प्लेग पसरवणाऱ्या पिसवा चावत नव्हत्या, म्हणून बहुधा तो वाचला.

सासूबाईंना इथे १८९७ चा पुण्याचा प्लेग आठवल्याशिवाय राहणार नाही. घराघरांत शिरणारे सोल्जर, सेग्रिगेशन कॅम्प, रँडचा खून हे सगळं त्यांनी वर्गात शिकवलेलं असणार. माझी आई आली होती तेव्हा तिने याच खोलीत गाईडला विचारलं, "माणसं स्वतःहून आत राहिली का, की दाराशी पहारा होता?" गाईड मुलगी पोशाख करून सतराव्या शतकातलं पात्र वठवत होती. ती क्षणभर पात्रातून बाहेर आली आणि नगरपालिकेचे हुकूम, प्लेगची घरं साफ करणारे लोक, नियम मोडणाऱ्यांना होणाऱ्या शिक्षा हे सगळं तिने नीट समजावून सांगितलं. मागची मंडळी खोळंबली, पण कोणी कुरकुरलं नाही. त्या दिवशीची ती सगळ्यात चांगली पाच मिनिटं होती.

गल्ली जमिनीखाली कशी गेली? १७५३ मध्ये शहराने व्यापाऱ्यांसाठी रॉयल एक्स्चेंजची भव्य इमारत बांधायला घेतली. आज तिथे नगरपालिकेचं कार्यालय आहे. उतारावरच्या जुन्या घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे मजले तसेच ठेवून त्यांचाच पाया केला. बांधकामाच्या नजरेने पाहिलं तर हिशोब सरळ आहे: भिंती भक्कम आहेत, उतार भरून काढायचा आहे, मग दगड काढून पुन्हा कशाला रचा? गल्लीचा खालचा भाग त्यानंतरही दीडशे वर्षं वापरात होता. शेवटचा रहिवासी, करवती बनवणारा अँड्र्यू चेस्नी, १९०२ मध्ये बाहेर पडला. लोकांसाठी ही जागा आजच्या स्वरूपात २००३ मध्ये खुली झाली.

लेकीसाठीही तिथे काहीतरी आहे. एका खोलीत बाहुल्यांचा आणि खेळण्यांचा ढीग दिसेल. १९९२ मध्ये जपानहून आलेल्या एका अतींद्रिय शक्तीवाल्या बाईंना तिथे अ‍ॅनी नावाची लहान मुलगी जाणवली, आईबापांनी टाकून दिलेली, बाहुली हरवलेली. त्यांनी तिच्यासाठी बाहुली आणून ठेवली. तेव्हापासून जगभरातून लोक खेळणी ठेवतात आणि तिथे जमणारे पैसे मुलांच्या मदतीसाठी जातात. अ‍ॅनीचा कागदोपत्री पुरावा नाही आणि चांगले गाईड ते सांगतात.

आता साउथ ब्रिजची तळघरं. इथे मी जरा जास्त रेंगाळणार, कारण ही जागा माझ्या कामाच्या जवळची आहे.

जुन्या गावाच्या दक्षिणेला काउगेटची खोल घळ आहे. ती ओलांडून विद्यापीठाकडे सरळ जाता यावं म्हणून १७८५ मध्ये पुलाचं काम सुरू झालं आणि १७८८ मध्ये पूल खुला झाला. कमानी १९. आज त्यावरून चाललात तर पूल आहे हे कळणारही नाही, कारण दोन्ही अंगांना कमानींना चिकटून उंच इमारती उभ्या राहिल्या. काउगेटवरची एकच कमान उघडी दिसते. बाकीच्या कमानींच्या पोटात मजले घालून, आडव्या भिंती बांधून सुमारे १२० खोल्या काढल्या. वरच्या दुकानदारांना कोठारं आणि कारखाने मिळाले. चांभार होते, सुऱ्या-कात्र्या करणारे होते, दारूचे गुत्ते होते.

पण घाई झाली. पुलाच्या पृष्ठभागावर पाणी अडवणारा थर नीट घातलाच नाही. रस्त्यावर पडणारा पाऊस, आणि इथे तो बारमाही, सांध्यांतून झिरपत कमानीत उतरायला लागला. १७९५ च्या सुमारालाच तळघरांत पाणी भरत होतं. कमानीच्या पाठीवर पाणी अडलं आणि निचऱ्याची वाट ठेवली नाही, तर दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून ते खाली येणारच. चुना विरघळून पांढरे ओघळ उतरतात, ते तुम्हाला भिंतीवर बॅटरीच्या उजेडात दिसतील. गाईड पुढे गेला तरी लेकीला ते दाखवा. सगळी कथा त्या ओघळांत आहे. माल भिजायला लागला तसे दुकानदार निघून गेले आणि रिकाम्या खोल्यांत ज्यांना दुसरीकडे छप्पर नव्हतं ते लोक आले. आयर्लंडहून आलेले मजूर होते, उत्तरेच्या डोंगराळ हायलँड्समधल्या जमिनींवरून हुसकून लावलेली कुटुंबं होती. खिडकी नाही, नळ नाही, संडास नाही, धूर जायला वाट नाही. उजेड म्हणजे माशाच्या तेलाचा दिवा. अशा खोल्यांत माणसांनी मुलं वाढवली.

एकोणिसाव्या शतकात कधीतरी राडारोडा भरून हे सगळं बंद केलं आणि शहर विसरून गेलं. १९८० च्या दशकात स्कॉटलंडकडून रग्बी खेळलेल्या नॉरी रोवन यांना एक भुयार सापडलं आणि तळघरं पुन्हा उजेडात आली. १९८९ मध्ये रोमानियाचा एक खेळाडू त्याच्या देशाच्या गुप्त पोलिसांच्या हातून निसटला, तोही याच तळघरांतून, रोवन यांच्या मदतीने. लेकीला ही गोष्ट भुतांइतकीच आवडेल आणि ती खरी आहे. राडारोडा उपसताना कालवांच्या शिंपल्यांचे ढीग निघाले (तेव्हा कालवं गरिबांचं खाणं होतं), औषधाच्या बाटल्या, ताटल्यांचे तुकडे, खेळणी निघाली.

रात्रीच्या फेरीत तुम्हाला 'मिस्टर बूट्स' भेटेल, जड बूट वाजवत मागून येणारा. जॅक नावाचा लहान मुलगा भेटेल, बायकांचा हात धरणारा. चांभार भेटेल. या भुतांना नावं आहेत, कपडे आहेत, स्वभाव आहेत. तिथे खरोखर राहिलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव मी कुठल्या फेरीत ऐकलेलं नाही. मला ते टोचतं. भीती त्या जागेत आहेच, पण ती अंधाराची आणि ओलीची आहे, आणि आपल्यासारख्याच माणसांना इथे राहावं लागलं याची आहे. त्यावर कोणी गुरगुरणारं भूत चिकटवलं की माणसं दिसेनाशी होतात.

भीती लोकांना खरंच वाटते, ती ढोंग नसते. मानसशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड वाइजमन यांनी २००१ मध्ये याच तळघरांत प्रयोग केला. दोनशेहून अधिक लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत पाठवलं आणि काय जाणवलं ते लिहून घेतलं. 'झपाटलेल्या' म्हणून नाव असलेल्या खोल्यांत विचित्र अनुभव जास्त आले, तिथल्या कथा आधी माहीत नसलेल्यांनाही. मग त्या खोल्यांची मापं घेतली तेव्हा उजेड, खोलीची उंची, आकार अशा गोष्टींशी त्या अनुभवांचा संबंध दिसला. उंच कमानीखालच्या काळोख्या खोलीत बाहेरचा उजेड बघून आत शिरलं की मेंदू सावध होतो. मला हे वाचून ती जागा कमी भारी वाटली नाही, उलट जास्त वाटली.

माझा सल्ला: तळघरं नक्की घ्या, पण ज्या फेरीच्या वर्णनात 'इतिहास' आधी आणि 'भयानक' नंतर येतं ती घ्या. तशा दिवसाच्या फेऱ्या असतात. आणि गाईड काहीही सांगो, एक प्रश्न विचाराच: "हे कशावरून?" जाणता गाईड या प्रश्नाने खुलतो. उदाहरण सांगतो. बर्क आणि हेअर या जोडीने तळघरांत माणसं मारली किंवा प्रेतं लपवली असं सर्रास सांगतात. त्यांनी १८२८ मध्ये १६ खून केले आणि प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. नॉक्सला विकली, हे खरं. पण ते राहत होते वेस्ट पोर्ट या शहरातल्या दुसऱ्या वस्तीत आणि बहुतेक खूनही तिथेच झाले. तळघरांशी त्यांचा संबंध दाखवणारा पुरावा नाही. एका गाईडला मी विचारलं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं की ही जोडलेली गोष्ट आहे, आणि मग खऱ्या खटल्याची हकिकत अशी सांगितली की कोणाला भुतांची आठवणही राहिली नाही.

ग्रेफ्रायर्स दिवसा बघा. वेगळं तिकीट लागत नाही. लोखंडी पिंजरे घातलेल्या कबरी दिसतील. शरीरशास्त्राच्या वर्गांसाठी प्रेतं चोरणाऱ्या टोळ्यांपासून संरक्षण म्हणून ते बसवत. विदर्भकर ज्या कुलूपबंद भागाबद्दल बोलले तो कोव्हेनंटर्सच्या तुरुंगाजवळचा. राजाने चर्चमध्ये ढवळाढवळ करू नये, या करारावर लोकांनी १६३८ मध्ये ग्रेफ्रायर्सच्याच चर्चमध्ये सह्या केल्या. तो करार मानणारे ते कोव्हेनंटर्स. १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिजची लढाई हरल्यावर त्यांच्यातल्या शेकडो कैद्यांना शेजारच्या मोकळ्या मैदानात उघड्यावर कोंडलं, पार हिवाळ्याच्या तोंडापर्यंत. उरलेल्यांपैकी अडीचशेहून अधिक जणांना वसाहतींत पाठवायला जहाजात घातलं, ते ऑर्कनी बेटांपाशी फुटलं आणि बहुतेक बुडाले. त्यांच्यावर खटले चालवणारा सर जॉर्ज मॅकेन्झी १६९१ मध्ये वारला आणि त्याच कबरस्तानात मोठ्या घुमटाखाली निजलाय. त्याच्या भुताच्या कथा मात्र १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाल्या. ज्यांचा छळ झाला ते गप्प आणि छळणारा तेवढा भूत होऊन प्रसिद्ध झाला, हे मला कधीच पटलेलं नाही.

शनिवारपेठी

वाईकर, माहिती उत्तम, पण भुतांवर इतका राग नको. आमच्या शनिवारवाड्याचंच बघा. 'काका मला वाचवा' ही हाक अमावास्येला ऐकू येते म्हणून पोरं तिथे जातात. त्यातली काही मग नारायणराव कोण होता ते वाचतात. उलट नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमाराला कात्रजहून शहरात पाणी आणलं, त्या भुयारी नळांवरून आम्ही रोज चालतो आणि कोणाला पत्ता नाही. कारण तिथे भूत नाही! २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुनी भुयारं निघाली, तेव्हा चार दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला. एखाद्या भिस्तीचं भूत असतं तर आज तिथे तिकीट लावून फेऱ्या चालल्या असत्या. गोष्ट नसेल तर माणूस जिना उतरतच नाही.

वाईचा घाट

शनिवारपेठी, तुमचं अर्धं मान्य. कात्रजच्या नळावर, त्याच्या उच्छ्वासांवर (हवेसाठी ठेवलेल्या तोंडांवर) आणि पेठांतल्या हौदांवर कोणी जाणत्याने चालत फेरी काढली तर मी सुट्टी टाकून येईन, आणि भूत नसलं तरी येईन.

पण शनिवारवाड्याची गोष्ट वेगळी आहे. नारायणराव खरा, त्याचं वय माहीत, ३० ऑगस्ट १७७३ ही तारीख माहीत, गारदी कोण होते ते माहीत, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं हेही माहीत. हाक ऐकू येवो न येवो, ती एका खऱ्या मुलाची आहे. मेरी किंग्ज क्लोजच्या भुताटकीलाही असंच जुनं मूळ आहे. १६८५ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात त्या गल्लीत राहायला गेलेल्या जोडप्याला अधांतरी तरंगणारं मुंडकं आणि हात दिसल्याची हकिकत आहे. प्लेगला तेव्हा चाळीस वर्षंच झाली होती. ज्या घरांतून माणसं मेली तिथे भाडेकरू कसे नांदत असतील, त्यांना रात्री काय वाटत असेल, ते या हकिकतीतून कळतं. असं भूत मला हवंच आहे. तळघरांतले मिस्टर बूट्स आणि मंडळी मात्र तळघरं पुन्हा उघडल्यावर आलेली, आणि ती येताना खऱ्या रहिवाशांची जागा घेऊन बसली. माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे.

चांदवडची लेक

वाईकर दादा, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. प्लेगचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि लेकीला रँड, चापेकर आणि त्या कॅम्पांबद्दल तासभर सांगितलं. लेक आता म्हणते, चोचीचा मुखवटा बघायचाच!

आता ठरतंय ते असं: पहिल्या दिवशी तिघी मेरी किंग्ज क्लोज आणि मग ग्रेफ्रायर्स. दुसऱ्या दिवशी मी आणि लेक तळघरं, सासूबाई खोलीवर आराम. चालेल का? गुडघ्याला क्लोजचे जिने झेपतील? आणि बर्कचा सांगाडा ठेवलाय असं लेकीने वाचलंय, ते खरं का?

ग्लासगोतला विदर्भ

म्हणजे माझ्या मॅकेन्झीला कोणी विचारत नाही तर! ठीक आहे ताई. एक काम करा, ग्रेफ्रायर्सला चार वाजता जा, संधिप्रकाशात. भूत नको तर नको, पण त्या वेळी ती जागा फार सुंदर दिसते.

वाईचा घाट

विदर्भकरांचं ऐका, वेळ बरोबर आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर गेलात तर पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे लेकीला अंधारासाठी रात्रीपर्यंत जागायची गरज नाही.

गुडघ्याचं: मेरी किंग्ज क्लोजला जिने बरेच आहेत आणि मूळ गल्ली चांगलीच उताराची आहे, जमीन खडबडीत. सुमारे तासाभराची फेरी आणि बसायला फारशी जागा नाही. तिकीट काढतानाच गुडघ्याचं आणि कोंदट वाटण्याचं कळवून ठेवा. आत शिरल्यावरही गाईडला कानात सांगा आणि त्यांना गाईडच्या लगेच मागे उभं करा. सगळ्यात मागे राहिलं की ऐकू येत नाही, घाईने चालावं लागतं आणि जीव घुसमटतो. मधूनच बाहेर पडावंसं वाटलं तर तसं सांगायला संकोच नको, त्यांना याची सवय असते. काठी असेल तर आणा. आत फोटो काढू देत नाहीत, हे लेकीला आधीच सांगून ठेवा, नाही तर हिरमुसेल.

तळघरांत जमीन जास्तच उंचसखल आणि ओली असते. गुळगुळीत तळाचे बूट नकोत. बाहेर कसंही असलं तरी आत गारठा असतो, स्वेटर अंगातच ठेवा. रात्रीच्या काही फेऱ्या फक्त मोठ्यांसाठी असतात, त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलीसाठी वयाची अट वाचूनच तिकीट काढा. काही फेऱ्यांत मुद्दाम दिवे घालवून कोणीतरी अंगावर ओरडतं. तशी फेरी तुम्हाला नको असेल तर आधी विचारून घ्या.

सासूबाईंना दुसऱ्या दिवशी नुसतं खोलीवर बसवू नका. तुम्ही दोघी तळघरांत असाल तेव्हा त्यांना चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोडा. साउथ ब्रिजपासून अगदी जवळ, प्रवेश मोफत, लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत. स्कॉटलंडच्या इतिहासाची दालनं त्यांना दोन-तीन तास सहज पुरतील, आणि कोव्हेनंटर्सबद्दल गाईडने घाईत सांगितलेलं तिथे निवांत वाचता येईल.

बर्कचं खरं आहे. हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ ला लॉनमार्केटमध्ये हजारोंच्या गर्दीसमोर फाशी दिलं, आणि न्यायाधीशाच्या हुकमानुसार त्याच्याच प्रेताची विद्यापीठात चिरफाड झाली. सांगाडा विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात आहे, पण ते ठरावीक दिवशीच उघडतं, तुमच्या तारखा जुळतात का ते बघा. नाही जुळल्या तर जवळच सर्जन्स हॉलचं संग्रहालय आहे. तिथे बर्कच्या कातडीचं म्हणून दाखवतात ते छोटं पाकीट आहे. मात्र बाकीच्या कपाटांत मानवी अवयव जतन करून ठेवलेले आहेत, लेकीला ते बघवेल का हे तुम्हीच ठरवा. या प्रकरणानंतर १८३२ मध्ये कायदा झाला आणि शिक्षणासाठी प्रेतं मिळण्याची रीतसर सोय झाली. ती सोय मुख्यतः वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवायच्या सरकारी घरांत, बेवारस मरणाऱ्या गरिबांच्या प्रेतांवर चालली, हेही तिला सांगा. खुनी गेले, तरी टेबलावर यायचे ते गरीबच.

तिकिटं आत्ताच काढा. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतं आणि त्या आठवड्यात संध्याकाळच्या फेऱ्या आधीच भरून जातात. सकाळची पहिली फेरी मिळाली तर तीच घ्या. गर्दी कमी असते, गाईड ताजातवाना असतो आणि सासूबाईंना हवे तेवढे प्रश्न विचारता येतील.